आज दूध पातळ आहे

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी स्टेशन रोडवर एका माणसाने मला थांबवलं आणि विचारलं, "बाई, 'पिस्ता' नी वेलांटी पहिली का दुसरी?"

मी "पहिली" म्हटलं. त्याने हातातल्या ओल्या फडक्याने पाटीवरची दीर्घ वेलांटी पुसली, पहिली काढली आणि पाटी दुकानाच्या दारावरच्या खिळ्याला अडकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काल तुमले शाळामा जाताना दखं, म्हनीसन इचारं." एवढं बोलून तो आत गेला. मी पाटी वाचत उभी राहिले. पाटीवर लिहिलं होतं:

'आज. दूध म्हशीचे. घरच्या दोन म्हशींचे आणि कमी पडले ते नथ्थू गवळ्याचे. नथ्थूच्या दुधात पाणी असावे. साखर. पिस्ता थोडा. आरारूट दोन चमचे. रंग नाही. कल्हई चैत्रात झाली आहे.'

खाली भाव नव्हता, दुकानाचं नाव नव्हतं. हे आईस्क्रीमचं दुकान आहे हे मला आतला लाकडी संचा पाहून कळलं.

तो माणूस म्हणजे नरोत्तमभाऊ. तापीकाठच्या एका गावातल्या गुजर शेतकऱ्याचे हे धाकटे चिरंजीव. कापूस आणि केळी थोरल्या भावाकडे सोपवून, दोन म्हशी घेऊन ते नंदुरबारला आले होते. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली असावी. सडसडीत अंग, धोतर, काळी टोपी. वर्षानुवर्षं संच्याचा दांडा फिरवून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. सुरतेहून सकाळच्या पॅसेंजरने बर्फाच्या लाद्या येत, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. त्या घ्यायला ते स्वतः स्टेशनवर जात. घरात आपसात गुजरी बोली, गिऱ्हाइकांशी आणि माझ्यासमोर अहिराणी, आणि पाटीवर मात्र शाळेची मराठी. लिहिलेलं शुद्ध असलंच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यामुळे मी नंदुरबारला होते तितकी वर्षं, उन्हाळ्यात रोज सकाळी शाळेला जाताना पाटी तपासून देणं हे माझं काम झालं. मी मूळची अमळनेरकडची असल्याने त्यांची बोली मला अवघड गेली नाही.

पाटीमुळे भांडणं होत. पहिलं मी पाहिलं ते नथ्थू गवळ्याचं. तो तणतणत दुकानात आला.

"मन्हं नाव काब्र लिखं? गावमा तोंड दखाडाले जागा नही ठेवी तुम्ही."

नरोत्तमभाऊ संच्यात मीठ टाकत होते. ते म्हणाले, "मी 'असावे' लिखेल शे. 'आहे' नही लिखं."

"दोन्ही एकच शे."

"बाईले इचार."

दोघेही माझ्याकडे वळले. 'आहे' म्हणजे खात्री आणि 'असावे' म्हणजे अंदाज, असं मी नथ्थूला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग 'नसावे' लिखा."

नरोत्तमभाऊंनी यावर खरोखरच विचार केला. "तसं दूध आन," ते म्हणाले, "लिखसू."

नथ्थूने अकरा दिवस दूध घातलं नाही. तेवढे दिवस दुकान दुपारी तीनलाच बंद व्हायचं, कारण घरच्या दुधाचं आईस्क्रीम तेवढ्यात संपायचं. बाराव्या दिवशी नथ्थू परत आला. त्या दिवशीच्या पाटीवर 'नथ्थूचे दूध चांगले' असं होतं. पुढे कधी 'चांगले' असायचं, कधी 'असावे'. नथ्थूला वाचता येत नव्हतं, पण त्याची मुलगी आमच्या शाळेत दुसरीत होती. येताजाता ती बापाला पाटी वाचून दाखवायची.

नरोत्तमभाऊ गार आईस्क्रीम कधीच चाखत नसत. संचा उघडला की पहिला चमचा बशीत ठेवायचे आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत दुसरं काम करायचे. मग बशी तोंडाला लावायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "गार शे तवलोंग जिभले काही समजत नही. पातय व्हऊ द्या, मंग चाखा. दूध कसं व्हतं, साखर किती व्हती, बठ्ठं समजस." मी घरी करून पाहिलं. खरंच होतं. जे गार असताना अमृतासारखं लागायचं, ते पातळ झाल्यावर कधी नुसतं गोड पाणी असायचं, कधी त्यात पिठाची चव यायची. त्यांच्या आईस्क्रीमलाही अधूनमधून पिठाची चव येई. दूध पातळ असलं की ते आरारूट जास्त घालत, आणि तसं लिहीत. 'आज दूध पातळ आहे. आरारूट चार चमचे.' गिऱ्हाईक वाचायचं, हसायचं आणि कधी कधी पुढे निघून जायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. कुणी खाऊन "फार छान" म्हटलं, तर ते म्हणायचे, "दूध चांगलं व्हतं."

त्यांचा मुलगा हसमुख याला मात्र सगळ्याचंच वाटायचं. तो वीस-बावीस वर्षांचा होता, सुरतेला मामाकडे राहून आलेला. मी आले त्याच्या पुढच्या वर्षी चौकात जयंतीलाल नावाच्या माणसाने नवं दुकान काढलं. विजेवरची मोठी थंड पेटी, कागदी कप, लाकडी चपटे चमचे. माल सुरतेच्या एका कारखान्यातून तयार होऊन यायचा, आणि त्यातलं गुलाबी आईस्क्रीम असं लखलखीत गुलाबी होतं की शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत त्याच्याबद्दलच बोलत.

नरोत्तमभाऊंनी जयंतीलालच्या दुकानात जाऊन एक कप विकत आणला. कप बशीत उपडा केला आणि आम्ही सगळे, म्हणजे ते, हसमुख, त्यांची बायको काशीबेन आणि मी, बशीभोवती बसलो. वैशाखातली दुपार होती. अर्धा तास झाला. आईस्क्रीम मऊ पडलं, पण त्याला पाणी सुटलं नाही. साबणाच्या फेसासारखं ते बशीत उभंच राहिलं.

"कारागिरी शे," नरोत्तमभाऊ म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"हाईच तर मी सांगी ऱ्हायनू, बापू," हसमुख म्हणाला. "त्यासनाकडे एक भुकटी ऱ्हास. एक चमचा टाकी की दूध कसंभी असो, चाली जास."

"भुकटीमा काय ऱ्हास?"

ते हसमुखला माहीत नव्हतं. थोड्या दिवसांनी त्या भुकटीचा फिरता विक्रेता नंदुरबारला आला, त्यालाही माहीत नव्हतं. "एकदम शुद्ध, शेटजी," एवढंच तो म्हणत राहिला. नरोत्तमभाऊंनी त्याला सरळ विचारलं, की यात जनावराच्या हाडाकातड्याचा सरस आहे का, कारण गिऱ्हाइकांत वाणी आणि जैन मंडळी पुष्कळ. विक्रेता नमुन्याचा डबा ठेवून निघून गेला.

मग त्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, की या भुकटीत कोणकोणते घटक आहेत ते कृपया कळवावे. महिन्याभराने जाड, गुळगुळीत कागदावर उत्तर आलं. आमच्या मालात केवळ उत्तम दर्जाचे घटक वापरले जातात, त्यांची नावं व्यवसायाच्या कारणास्तव कळवता येत नाहीत, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. नरोत्तमभाऊंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"पाटीवर काय लिखू?" त्यांनी हसमुखला विचारलं. "'उत्तम' लिखू? 'उत्तम' हाई काय घटक शे?"

डबा न उघडता टपालाने परत गेला. त्या पावसाळ्यानंतर हसमुख जयंतीलालकडे कामाला लागला. बापलेक एकाच घरात जेवत होते, पण कामाबद्दल बोलत नव्हते.

हे पाटीचं वेड आलं कुठून, ते मला काशीबेनने सांगितलं. एकदा मी त्यांच्याबरोबर वेलदोडे सोलत बसले होते. मी सहज विचारलं, आणि त्यांनीही सहजच सांगितलं. नरोत्तमभाऊ या धंद्यात नवे होते तेव्हाची गोष्ट. तापीकाठच्या एका गावात त्यांच्या बहिणीच्या घरचं लग्न होतं. आईस्क्रीम केशराच्या रंगाचं पाहिजे, असं वरपक्षाचं म्हणणं. यांनी बाजारातून पिवळ्या रंगाची पुडी आणली. जेवणं झाल्यावर पाच-पन्नास माणसांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातून डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, काय काय घातलं होतं. हे म्हणाले, दूध, साखर आणि पिवळी पुडी. पुडीत काय होतं? हे यांना सांगता येईना. दुकानदाराकडे माणूस धाडला, त्यालाही सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाची आजी गेली.

"म्हातारी शंभरीले टेकेल व्हती," काशीबेन म्हणाल्या. "डाक्टर बोलनात, रंग व्हई, नही तर भांडानी कल्हई गयी व्हई, नही तर दूध. काय व्हतं ते कोनले समजनंच नही. कोन्ही यासले बोल लावा नही. पन हाई माणूस महिनाभर एकच बोलत ऱ्हायना. डाक्टरनी इचारं आनि माले सांगता उनं नही."

त्या पुन्हा वेलदोडे सोलू लागल्या.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन मोठं करायचं ठरलं. मुलींना आईस्क्रीम द्यायचं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं. तीनशे मुलींचं एकट्या नरोत्तमभाऊंना झेपणारं नव्हतं. म्हणून निम्मं त्यांच्याकडे आणि निम्मं, मुलींच्या आग्रहाखातर, जयंतीलालकडून गुलाबी, असं ठरलं.

संमेलनाच्या दिवशी नरोत्तमभाऊ सहा डबे घेऊन आले. पाटीही आणली होती. ती त्यांनी शाळेच्या फाटकाला टांगली. मी सवयीप्रमाणे वेलांट्या बघायला गेले. शेवटची ओळ अशी होती: 'सहावा डबा. घरची म्हैस आटली. दूध स्टेशनजवळच्या दुकानाचे. कोठून आले माहीत नाही. पातळ आहे.'

"भाऊ," मी म्हटलं, "हे सहाव्या डब्याचं लिहायलाच हवं का? पाहुणे येतायत."

"तुमले नको व्हई तर तो डबा वाढू नका," ते म्हणाले. "मी परत लई जास."

तोवर मुलींची रांग लागली होती. पाच डब्यांत भागणार नाही, हे मला दिसत होतं. "वाढा," मी म्हटलं. "एवढ्यानं काही होत नाही."

दिवेलागणीच्या सुमाराला पहिली मुलगी उलट्या करत दवाखान्यात आली. तासाभरात तीस-पस्तीस झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात चटया टाकाव्या लागल्या. डॉक्टरांनी आईस्क्रीमवाल्या दोघांनाही बोलावून घेतलं. जयंतीलाल म्हणाला, "साहेब, माल एक नंबरचा, सुरतेचा." डॉक्टरांनी विचारलं, त्यात काय होतं. तो म्हणाला, "उत्तम माल, साहेब."

नरोत्तमभाऊ फाटकावरची पाटीच उचलून घेऊन आले होते. त्यांनी ती डॉक्टरांसमोर धरली आणि एकेक ओळ वाचून दाखवली. सहावा डबा आला तेव्हा त्यांचा आवाज बदलला नाही. डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतलं. व्हरांड्यातल्या पालकांनीही ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "मंग समजी गयं." त्यानंतर जयंतीलालकडे कुणी बघितलंच नाही.

मुली बऱ्या झाल्या. बहुतेक दुसऱ्या दिवशीच घरी गेल्या. चौथीतली एक मुलगी चार दिवस दवाखान्यात राहिली. नरोत्तमभाऊ रोज सकाळी तिच्या खाटेजवळ जाऊन उभे राहत आणि तिने काय खाल्लं ते विचारत. तिने पांढरंही खाल्लं होतं आणि गुलाबीही. आजारी मुलींतल्या काहींनी फक्त गुलाबी खाल्लं होतं, काहींनी फक्त पांढरं, आणि काहींनी दोन्ही. शाळेच्या हौदाचं पाणी सगळ्याच प्यायल्या होत्या. कशाने झालं, हे शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

भेसळ तपासणारे इन्स्पेक्टर धुळ्याहून आले. जयंतीलालचे कप संपले होते, खोकी परत गेली होती, त्यामुळे नमुना मिळाला नाही. सहाव्या डब्यात तळाशी थोडं उरलं होतं. नरोत्तमभाऊंनी त्यावर बर्फ घालून ते जपून ठेवलं होतं. इन्स्पेक्टरांनी तीन बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीत कसलेतरी थेंब टाकले.

"हाई काय टाकी ऱ्हायनात?" नरोत्तमभाऊंनी विचारलं.

"नमुना नासू नये म्हणून."

"व्हई. पन काय शे?"

इन्स्पेक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग औषधाचं नाव सांगितलं. नरोत्तमभाऊंनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून टोपीत ठेवलं.

अहवाल आला. त्यात विष नव्हतं, रंग नव्हता, नासलेलं काही नव्हतं. मात्र दुधातली चरबी कायद्याने ठरवलेल्या प्रमाणापेक्षा कमी होती. तेवढ्यावर खटला झाला. साक्षीला मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी हसमुख माझ्याकडे आला. कितीतरी महिन्यांत तो माझ्याशी बोलला नव्हता. तो म्हणाला, "बाई, पाटी कोन्ही वाचेल नही, असं सांगशात तर? नमुनाभी कोनता डबाना, कोनले माहीत शे?"

मलाही तो विचार शिवला नव्हता असं नाही. मी दुकानात गेले. नरोत्तमभाऊ संचा घासत होते.

"तुम्ही काय वाचं ते सांगा," ते म्हणाले. "कमी नको, जास्ती नको."

"आणि वाढायला मी सांगितलं, ते?"

त्यांनी घासणं थांबवलं. "ते तुमनी पाटी शे," ते म्हणाले.

कोर्टात मी पाटीवरचं सांगितलं आणि डबा वाढायला मीच सांगितल्याचंही सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, "त्याचा या खटल्याशी संबंध नाही." ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. मग त्यांनी नरोत्तमभाऊंना विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

"दूध पातय व्हतं, साहेब," ते म्हणाले. "मी लिखेल व्हतं."

त्यांना दंड झाला. तो त्यांनी तिथेच भरला आणि आम्ही दोघं पायी परत आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आपल्याला सांगता आलं, हे बरं झालं. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंसमोर मी माझी चूक कबूल केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी आईस्क्रीमऐवजी पेढे द्यायचे ठरवलं.

दुकान त्यानंतर फार चाललं नाही. पाटी रोज लागायची, पण आया मुलांना त्या बाजूने नेत नसत. एका उन्हाळ्यात बर्फ येणंच थांबलं आणि दुकानाचं दार बंद राहिलं. तोवर माझी बदली शहाद्याला झाली होती. काशीबेनची पत्रं शेजारची एक मुलगी लिहून द्यायची. त्यांच्याच एका पत्रातून मला पुढचं कळलं. जयंतीलाल घरी आला होता. त्याच्याकडच्या मालाबद्दलही लोक कुजबुजायला लागले होते. आता तो सुरतेचा माल बंद करून इथेच यंत्रावर आईस्क्रीम करणार होता, आणि दूध पारखायला त्याला माणूस हवा होता. नरोत्तमभाऊंनी एकच अट घातली, की कोठीत येणारा प्रत्येक डबा त्यांना विचारून उघडायचा. हसमुखने मध्यस्थी केली म्हणे.

मला हे पटलं नव्हतं. एकदा नंदुरबारला गेले तेव्हा मी त्यांना तसं बोलून दाखवलं. "तुम्ही त्या गुलाबी रंगवाल्याकडे?"

"रंग आते सरकारनी ठरावेल शे," ते शांतपणे म्हणाले. "डब्बावर नाव छापेल ऱ्हास. मी बठ्ठं वाची लेस. रंगशी मन्हं भांडन नव्हतं, बाई. नाव इचारं तर सांगेत नव्हतात, ते भांडन व्हतं." मग म्हणाले, "भुकटीनं नाव अजून कोन्ही सांगत नही. भुकटी नही येऊ देत."

इतकी वर्षं मी त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करत आले होते. त्यांना नेमकं काय लिहायचं होतं, ते मला त्या दिवशी नीट समजलं, असं वाटतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आणखी दोन उन्हाळ्यांनंतर. परीक्षेच्या कामासाठी मी विसरवाडीला निघाले होते. एसटी नंदुरबारच्या चौकात मालाचा ट्रक आडवा आल्याने थांबली. खिडकीतून जयंतीलालच्या दुकानाची मागची बाजू दिसत होती. दारात दुधाच्या कॅनांची रांग होती आणि पाच-सहा गवळी उकिडवे बसले होते. मध्ये नरोत्तमभाऊ उभे होते. टोपीखालचे केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी दुधाने भरलेली काचेची नळी उन्हाकडे धरली होती आणि एक डोळा मिटून ते तिच्यातली चरबीची रेघ बघत होते. ज्याचं दूध होतं तो गवळी त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मी हाक मारली. त्यांनी आवाज ओळखला असावा, कारण मोकळा हात वर करून त्यांनी मला थांबण्याची खूण केली. नळीवरची नजर मात्र काढली नाही. ट्रक बाजूला झाला. ड्रायव्हरने गाडी सोडली. मी मान वळवून बघत राहिले. वळण येईपर्यंत त्यांचा हात तसाच वर होता आणि गवळी तसाच वाट बघत होता.